वारशाने आलेलं जुनं सिंगर मशीन पायांशिवाय चालवायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: आत्याकडून सिंगर 99के मशीन वारशाने आलं आहे. वाकवलेल्या लाकडाचं झाकण, मागे पट्ट्यावर चालणारी मोटार, आणि पेटीच्या पुढून खाली येणारी गुडघ्याने ढकलायची दांडी. विचारणाऱ्या बाई व्हीलचेअर वापरतात. कमरेखाली जोर नाही, संवेदनाही फारशी नाही, हात मात्र दोन्ही चांगले आहेत. भाचा म्हणतो, दांडी काढून टाकू आणि टेबलावर पंख्याचा रेग्युलेटर बसवू, हवा तेवढा वेग लावून ठेवायचा. हे चालेल का?

नाही, रेग्युलेटर बसवू नका. भाच्याची तळमळ खरी आहे आणि त्याच्या हाताला करण्याजोगं बरंच काम मी पुढे सांगणार आहे, पण हे नको. विजेचं कारण नंतर, आधी शिवणाऱ्याचं कारण. रेग्युलेटरची कळ जिथे फिरवून ठेवाल तिथेच राहते. पायाचं पेडल असो की गुडघ्याची दांडी, दाब सुटला की मशीन थांबतं. कोणी हाक मारली, खोकला आला, बोट सुईपाशी गेलं, की आपण काही ठरवायच्या आत पाय सैल पडतो आणि मोटारीची वीज तुटते. रेग्युलेटर लावल्यावर थांबवण्यासाठी कापडावरचा हात उचलायचा, कळ शोधायची आणि ती उलटी फिरवायची. घरगुती मशीन पूर्ण वेगात मिनिटाला 800 ते 1000 टाके घालतं, म्हणजे सेकंदाला साधारण 13 ते 17. कळ सापडेपर्यंत काय होऊ शकतं याचा अंदाज येईल.

आता विजेचं. तुमच्या मशीनची मोटार मिक्सरच्या जातीची आहे, कार्बन ब्रशची. पंख्याची मोटार वेगळ्या जातीची असते आणि रेग्युलेटर तिच्यासाठी बनवलेला असतो. ब्रशच्या मोटारीचा वेग ओझ्याप्रमाणे बदलतो. कळ कमी ठेवली तर जाड शिवणीवर ती अडून नुसती गुणगुणते आणि तापते. तुम्ही कळ वाढवता, सुई जाड भागातून पार होते, ओझं उतरतं आणि मशीन एकदम सुटतं. दिव्याच्या डिमरचंही तेच. आणखी एक प्रकार मी पाहिला आहे: पेडलवर वजन ठेवून मशीन भिंतीवरच्या बटणाने चालू-बंद करणं. त्यात प्रत्येक सुरुवात पूर्ण वेगाने होते. तेही करू नका.

माझं बरंच काम जुनी मशीनं दुरुस्त करण्याचं, आणि ज्यांना पाय, गुडघा किंवा एक हात वापरता येत नाही त्यांच्यासाठी नियंत्रण बदलून देण्याचं. त्या कामात मी एकच गोष्ट सोडत नाही. हात दमला, शरीर दचकलं, दुखण्याची कळ आली, वीज जाऊन परत आली, काहीही झालं तरी मशीनची आपोआप होणारी अवस्था ‘थांबलेलं’ हीच हवी. चालण्यासाठी मुद्दाम काहीतरी करावं लागलं पाहिजे. बाकी सगळं याच्या मागून येतं, मशीनचं मूळ रूप जपणंसुद्धा.

आजच करायची एक गोष्ट आहे. मशीनचा प्लग काढून ठेवा आणि गुडघ्याची दांडी तिच्या खाचेतून ओढून काढा. ती काढता येण्यासारखीच केलेली असते. तुमच्या गुडघ्याला ती लागलेली कळणार नाही. खुर्ची पुढे सरकली, मांडीवरचं पांघरूण अडकलं, तर मशीन तुमच्या नकळत चालू होईल. दांडी पिशवीत घालून वर चिठ्ठी लावा आणि जपून ठेवा. फेकू नका, तो मूळ भाग आहे.

त्या दांडीचं दुसरं टोक ज्या कंट्रोलरला ढकलतं तो पेटीच्या उजव्या कप्प्यात असतो. तोच हातापाशी आणता येईल का, असं भाचा विचारेल. मी आणणार नाही. या जुन्या कंट्रोलरमध्ये वेग कमी करायचा म्हणजे जास्तीची वीज उष्णतेत घालवायची. म्हणून सावकाश शिवताना तो जास्त तापतो, आणि तुम्ही सुरुवातीला सावकाशच शिवणार. काही कंट्रोलरमध्ये कार्बनच्या चकत्यांची चळत असते. ती झिजली किंवा तिचं समायोजन बिघडलं की दाब नसतानाही मोटार हलके गुणगुणत राहते. काहींमध्ये रेडिओची खरखर कमी करण्यासाठी कागदी कपॅसिटर बसवलेला असतो. तो कंट्रोलरच्या संपर्कांना जोडून असेल आणि आतून शॉर्ट झाला, तर कोणी हात न लावता मशीन पूर्ण वेगाने धावू लागतं. इतक्या वर्षांचा कपॅसिटर मी कधीही वापरात ठेवत नाही.

मोटारीकडे वळण्याआधी हाताच्या दांड्याचा विचार मनापासून करा. 99के कारखान्यातूनच हाताने चालवायच्या रूपातही येत असे, त्यामुळे हा बदल या मशीनच्या स्वभावाविरुद्ध नाही. मशीनच्या खांबावर मागच्या बाजूला ज्या उंचवट्यावर मोटार एका मोठ्या स्क्रूने बसलेली आहे, तिथेच हाताचा दांडा बसतो. अट एक: चाक आऱ्यांचं हवं, कारण दांड्याचं बोट आऱ्यांमध्ये अडकून चाक फिरवतं. तुमचं चाक भरीव असेल तर त्याच जातीचं आऱ्यांचं चाक शोधावं लागेल. दांड्याच्या एका फेऱ्यात साधारण तीन टाके पडतात, आणि हात थांबला की सुई थांबते. वीज नाही, तापणं नाही. उजवा हात मात्र दांड्यावर अडकतो आणि कापड एकट्या डाव्या हाताला सांभाळावं लागतं. पडदे, उशांचे अभ्रे, पिशव्या, सरळ शिवणी यांना काही अडत नाही. गळा, बाही, कॉलर यांना वेळ लागतो. पण मशीनची ओळख होईपर्यंतचे पहिले काही महिने दांड्यावर काढा, असं मी बहुतेकांना सांगते. चाक नेहमी आपल्याकडे फिरलं पाहिजे. उलटं फिरलं की खाली दोऱ्याचा गुंता होतो.

दोन्ही हात कापडावर हवेत असं ठाम वाटत असेल, तर मोटार ठेवू. मग आधी वीज तपासायची. हे काम जुनी मशीनं हाताळलेल्या मेकॅनिकचं किंवा इलेक्ट्रिशियनचं आहे. भाच्याने समोर बसून पाहावं, स्वतः करू नये.

त्या काळच्या वायरींवरचं रबर कडक होऊन तडकतं. बाहेरून कापडी वेष्टण धड दिसतं आणि आत रबराचा भुगा झालेला असतो. सगळ्यात वाईट जागा म्हणजे वायर मोटारीत शिरते ती, आणि दिव्याच्या दांडीत वळते ती. वायर वाकवल्यावर कुरकुर ऐकू आली किंवा काळी पूड पडली, तर ती बदलायचीच. चिकटपट्टी गुंडाळून भागवायचं नाही. मोटारीचं इन्सुलेशन मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या खास मीटरने, 500 व्होल्टवर मोजून घ्या. मीटरच्या साध्या ओहम रेंजवर दोष दिसेलच असं नाही. मशीनचं अंग सगळं लोखंडी आहे आणि मुळात त्याला अर्थिंग बहुधा नसतंच. व्हीलचेअरची चौकटही धातूची असते. म्हणून मशीनच्या अंगाला आणि मोटारीच्या चौकटीला अर्थिंग करून घ्या आणि ज्या सॉकेटवर मशीन लावणार तिथे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असल्याची खात्री करा. दोन्ही हवेत.

इथे बऱ्याच जणांची फसगत होते. मशीनवर तीन पिनांचा जोड असेल तर तिसरी पिन अर्थिंगची आहे असं समजू नका. सिंगरच्या जोडात एक पिन दिव्याकडे, एक मोटारीकडे आणि एक दोघांना सामाईक असते. दिसायला तसाच प्लग दुसऱ्या कंपन्यांच्या मशीनवरही असतो आणि त्याची आतली जोडणी वेगळी असते. प्लग बसला म्हणजे पेडल जुळलं असं होत नाही. जोडणी तपासल्याशिवाय दुसऱ्या मशीनचं पेडल लावू नका.

मोटारीवरच्या पट्टीवर व्होल्ट आणि अँपिअर कोरलेले असतात, ते लिहून घ्या. मोटार 110 व्होल्टची असेल आणि घरची वीज 230 ची, तर ट्रान्सफॉर्मर लागेल. मोटार 0.6 अँपिअरची आणि दिवा 15 वॉटचा धरला तर बेरीज 80 वॉटच्या आसपास जाते. सुरू होताना मोटार जास्त वीज ओढते, म्हणून ट्रान्सफॉर्मर 150 ते 200 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) घ्या. प्रवासात वापरतात तो हलका इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर इथे वापरू नका.

जुन्या कंट्रोलरच्या जागी नवं, बंद कवचातलं इलेक्ट्रॉनिक पेडल घ्या, मोटारीच्या व्होल्ट-अँपिअरला जुळणारं. ते कमी तापतं आणि पहिला टाका हळू घेतं. हातासाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण कोपराला पायासारखी शिवणाची सवय नसते. पेडल उघडायचं नाही, कापायचं नाही, त्याला भोक पाडायचं नाही. वीज त्याच्या कवचात राहू द्या आणि आपला सगळा बदल लाकडाचा आणि बिजागरीचा, कवचाच्या बाहेर ठेवा. जुनी मोटार मेगरच्या परीक्षेत नापास झाली तर मोटार आणि पेडल जोडीने नवं घेता येतं. त्याच उंचवट्यावर बसेल, मूळ मोटारीइतक्याच ताकदीची असेल आणि चाक आपल्याकडे फिरवेल अशी घ्या. जास्त ताकदीची मोटार लावण्यात काही शहाणपण नाही.

आता खरं काम: ते पेडल शरीराच्या कुठल्या हालचालीने दाबायचं?

बहुतेकांना सुचतं ते म्हणजे पेडल टेबलावर ठेवून कोपराने खाली दाबणं. मला ते पटत नाही. दमलेला हात आपोआप टेकतो. तो टेकायची जागाच पेडल असेल, तर विश्रांती घेताना मशीन चालू होतं. वरून कात्री किंवा कापडाचा गठ्ठा पडला तरी तेच. म्हणून हालचाल अशी निवडायची जी विश्रांतीत होत नाही आणि दचकल्यावरही होत नाही. सुई टोचली की माणूस हात अंगाकडे ओढतो. तेव्हा चालू करण्याची हालचाल अंगापासून दूर, बाहेरच्या बाजूला ढकलण्याची ठेवा. हात सैल पडला किंवा अंगाशी आला की मशीन थांबेल. गुडघ्याची मूळ दांडीही बाहेर ढकलूनच चालत होती, म्हणजे आत्यांच्या मशीनची चाल आपण फक्त वर आणतो आहोत. मात्र तुमच्या हातांना आकडी येत असेल किंवा ते अचानक बाहेरच्या बाजूला झटकले जात असतील, तर हा नियम उलटेल. तसं असेल तर तुमच्या फिजिओथेरपिस्टला किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला समोर बसवूनच हालचाल ठरवा.

कोपर डावा घ्या. उजवा हात मोकळा हवा, कारण शेवटचा टाका चाक हाताने फिरवून पूर्ण करायचा असतो, सुई वर-खालीही त्यानेच करायची. पट्टा आणि फिरतं चाक उजवीकडे असतात, तिथे बाही आणि वायर जितकी कमी तितकं बरं. डावा हात बहुतेक वेळ कापडावर एका जागी टेकलेला असतो, त्यामुळे त्याचा कोपर फार सरकत नाही.

रचना साधी आहे. पेटीखाली पुरेल एवढी एक रुंद फळी घ्या आणि ती डाव्या बाजूला कोपरापर्यंत बाहेर येऊ द्या. मशीन आणि पेटी यांचं वजन 10 किलोंच्या वर असतं, त्या वजनाखाली फळी जागची हलत नाही, आणि आत्यांच्या पेटीला एकही स्क्रू लागत नाही. फळी आणि टेबल यांच्यामध्ये रबरी जाळीचा तुकडा घाला. बाहेर आलेल्या भागावर पेडल उभं बसवा, दाबायची बाजू तुमच्या कोपराकडे. कवचाला बाहेरून लाकडी चौकटीने धरायचं, आणि चौकटीने पेडलची हवेची भोकं झाकायची नाहीत. कोपर आणि पेडल यांच्यामध्ये हलक्या प्लायवूडची एक उभी पट्टी, खाली बिजागरीवर. बिजागरीपासून पेडलचा दाबबिंदू 7 सेंटिमीटरवर आणि कोपर टेकायची जागा 21 सेंटिमीटरवर असेल, तर कोपराला तिसरा हिस्सा जोर लागतो. त्या बदल्यात कोपराला तिप्पट सरकावं लागतं. ही तिप्पट हालचाल तुमच्या फायद्याची आहे. पेडलचा सगळा वेग एक-दीड सेंटिमीटरच्या दाबात कोंबलेला असतो, तो कोपराला तीन-साडेचार सेंटिमीटरमध्ये पसरून मिळतो आणि हळू शिवणं हाताशी येतं. अंतर कमी-जास्त करून जोर आणि हालचाल यांचा मेळ तुमच्या अंगाप्रमाणे बसवा.

पट्टी जड झाली की पेडलच्या स्प्रिंगला ती परत ढकलता येत नाही. म्हणून ती हलकी ठेवा आणि सुटल्यावर स्वतःच्या वजनाने तुमच्याकडे झुकेल इतकी कलती बसवा, शिवाय एक मऊ स्प्रिंग वेगळी लावा. पट्टी जास्तीत जास्त किती जाईल हे ठरवणारा एक अडथळ्याचा स्क्रू मागे लावा. सुरुवातीला तो असा आवळा की पूर्ण ढकलूनही मशीन अर्ध्या वेगापुढे जाणार नाही. सवय झाली की थोडा थोडा सैल करा. कोपर टेकतो तिथे फोमचा तुकडा आणि वरून सुती कापड. पट्टी दाबलेल्या अवस्थेत अडकवून ठेवणारी कडी, खिळा, रबर असं काहीही लावायचं नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी.

एक मोठं बंद-बटण हवं. सुईवरून हात न नेता एका झटक्यात पोचेल अशा जागी, तुमच्या बाबतीत उजव्या हाताला, पेटीच्या पुढे. सुतारकामाच्या यंत्रांवर असतं तसं, वीज जाऊन परत आली तरी पुन्हा दाबल्याशिवाय चालू न होणारं बटण मिळालं तर तेच बसवून घ्या. दोरा ओवताना, सुई बदलताना, बॉबिन काढताना आधी हे बटण बंद. पायाने चालवणारा त्या वेळी पाय मागे घेऊन बसतो, तुमचा कोपर मात्र पट्टीच्या शेजारीच असणार.

नियंत्रण बदलण्याआधी मशीन साफ करून तेल घातलेलं असलं पाहिजे. बरीच वर्षं पडून राहिलेल्या मशीनमधलं तेल घट्ट गोंदासारखं होतं. मग मोटार आधी अडते आणि नंतर झटक्याने सुटते, आणि आपण दोष पेडलला देतो. चाक एका बोटाने आपल्याकडे फिरवून पाहा. ते अडखळत असेल तर मेकॅनिक रॉकेलने सांधे मोकळे करतात. ते पूर्ण पुसून काढायचं, वास जाईपर्यंत मोटार लावायची नाही, कारण ब्रशपाशी ठिणग्या उडतात. नंतर फक्त शिलाई मशीनचं तेल, खाण्याचं तेल कधीच नाही. काळ्या रंगावरची सोनेरी नक्षी स्पिरिटने पुसू नका, तिच्यावरचं आवरण विरघळतं. पट्टा बोटाने दाबल्यावर किंचित दबला पाहिजे. फार ताणला तर मोटारीवर ओझं येतं.

चाचणी सुईशिवाय सुरू करायची. चाकाच्या मध्यभागी जो गोल नॉब असतो, बॉबिन भरताना सैल करतो तो, तो सैल करा. मग चाक फिरेल पण सुई हलणार नाही. सुई काढून टाका, दाबाचा पाय, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा भाग, वर ठेवा आणि पट्टी ढकलून सोडा. असं 50 वेळा करा, हळू, जोरात, तिरकं ढकलून, मध्येच हात काढून घेऊन. प्रत्येक वेळी पट्टी परत आलीच पाहिजे. एकदा जरी अडकली तरी पुढे जायचं नाही, बिजागरी आणि स्प्रिंग पाहायची. मग नॉब आवळून सुईशिवाय चालवा, दाबाचा पाय तेव्हाही वरच. त्यानंतर सुई लावून, दोरा न ओवता, कागदावर रेषा शिवा. त्यातल्या एखाद्या वेळी कोणाला तरी न सांगता टाळी वाजवायला सांगा. दचकल्यावर मशीन थांबतं की धावतं, ते तेव्हाच कळतं. धावलं तर हालचालीची दिशा चुकली आहे, ती बदला. कापड सगळ्यात शेवटी. पहिल्या पंधरवड्यात शेजारी कोणीतरी असू द्या.

बाजूच्या दोन गोष्टी. जुना तापणारा दिवा काढून त्याच बैठकीचा, त्याच व्होल्टचा एलईडी लावा, तो हाताजवळ असतो आणि चटका बसतो. आणि मशीन स्वतः उचलून मांडीवर घेऊ नका. त्या पेटीच्या कड्या जुन्या झाल्या की झाकण हातात राहतं आणि मशीन खाली पडतं. त्याला एक कायमची जागा द्या, खुर्चीचे हात टेबलाखाली जातील आणि खांदे उचलावे लागणार नाहीत अशा उंचीची.

हे सगळं करून वेग हाताशी येत नसेल, तर रोजच्या शिवणासाठी चालू-बंदचं बटण आणि वेगाची सरकपट्टी असलेलं आजचं मशीन घेणं योग्यच आहे. त्यातली सरकपट्टी फक्त वेग ठरवते आणि थांबवायचं बटण सुईच्या अगदी जवळ असतं, तरी हात सोडला की थांबेल असं नाही, हे लक्षात ठेवूनच ते वापरायचं. आत्यांचं मशीन तेव्हा हाताच्या दांड्यावर ठेवा.

काढलेला कंट्रोलर, दांडी, स्क्रू, जुन्या वायरीची टोकं, सगळं एका डब्यात, कुठून काय काढलं याच्या चिठ्ठीसह आणि काढण्याआधीच्या फोटोंसह ठेवा. बिजागरी, स्प्रिंग आणि वायर वाकते त्या जागा दर महिन्याला पाहा. खुर्ची बदलली, गादी जाड-पातळ झाली किंवा औषध बदलून हातांची ताकद कमी-जास्त झाली, तर कोपराची जागा आणि अडथळ्याचा स्क्रू पुन्हा लावा, आणि सुईशिवायच्या चाचणीपासून परत सुरुवात करा.